सुती व लोकरी वस्त्रे आणि पाणी

मुंबई उपनगरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जोगेश्वरीसारख्या दाट वस्तीत या दिवसांत धुतलेले कपडे घरातच दोरीवर वाळवावे लागतात. ज्या विद्यार्थ्याजवळ गणवेशाचा एकच जोड आहे, त्याचा तो जोड पहिल्याच धुण्यात आटला, तर कुटुंबाची वर्षभराची अडचण होते. म्हणून कापूस व लोकर यांवर पाण्याचा परिणाम कसा होतो, हे गणवेश व पांघरुणे खरेदी करणाऱ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

कापूस : भिजल्यावर बळकट

कच्च्या कापसावर मेणाचा सूक्ष्म थर असल्याने तो पाणी सहजी घेत नाही. सोड्याच्या पाण्यात उकळून हा थर काढला, की तोच कापूस पाणी शोषू लागतो. भिजलेला सुती तंतू कोरड्या तंतूपेक्षा शेकडा १० ते २० अधिक बळकट असतो; म्हणूनच सुती कापड धोपटणे सहन करते.

मात्र ते आटते. विणताना व गिरणीतील पुढील प्रक्रियांत धागे ताणलेले असतात. पाण्यात हा ताण सुटतो. शिवाय धागे फुगून जाड होतात व त्यांना वळसा घालणाऱ्या आडव्या-उभ्या धाग्यांची लांबी त्या वळशांत खर्ची पडते. शेकडा ५ आटणाऱ्या कापडाचा ६० सेंटीमीटरांचा सदरा ३ सेंटीमीटरांनी आखूड होतो. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नसल्याने मिश्र कापड कमी आटते व लवकर वाळते. परंतु घामही कमी टिपते.

लोकर : बाहेरून कोरडी, आतून ओलसर

लोकरीच्या तंतूवर खवले व स्निग्धांश असतो. त्यामुळे पाण्याचा थेंब वरून ओघळतो. हवेतील बाष्प मात्र तंतूच्या आत शिरते व त्या वेळी थोडी उष्णताही बाहेर पडते. प्रमाणित हवेत कापूस आपल्या वजनाच्या शेकडा सुमारे ८, तर लोकर सुमारे १६ इतकी आर्द्रता धारण करते. माणदेशातील धनगर पावसात घोंगडीची खोळ घेतो, त्यामागे हेच गुण आहेत.

भिजलेली लोकर मात्र दुबळी होते. गरम पाण्यात चोळल्यास खवले एकमेकांत अडकतात व कापड कायमचे दाट, जाड आणि आखूड बनते. म्हणून लोकरी वस्त्रे थंड पाण्यात, न पिळता धुवावीत व सपाट पसरून सावलीत वाळवावीत.

सोपी परीक्षा

या विषयांवरील संशोधन मुंबई परिसरातच चालते. माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संस्था १९२४ साली, घाटकोपरची वस्त्रोद्योग संशोधन संस्था १९५४ साली व ठाण्याची लोकर संशोधन संस्था १९६३ साली स्थापन झाली. तथापि आटण्याची प्राथमिक परीक्षा कोणत्याही शाळेत करता येते. कापडाच्या मोठ्या तुकड्यावर उभ्या व आडव्या दिशेने ५० सेंटीमीटर अंतरावर पक्क्या शाईने खुणा कराव्यात. तो धुऊन सपाट वाळवावा व पुन्हा मोजावा. अंतर १ सेंटीमीटरने घटल्यास कापड शेकडा २ आटले, असे समजावे. ठोक खरेदीपूर्वी ही परीक्षा केल्यास, किंवा कापड भिजवून व वाळवून मगच शिवल्यास, पालकांचा खर्च वाया जाणार नाही.