जयपूर : गारव्याची वेळ आणि बिबट्याची वेळ

जयपूरच्या जवाहरलाल नेहरू मार्गावर राजस्थान विद्यापीठ आणि मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहेत. तेथून पूर्वेस थोड्याच अंतरावर झालानाच्या टेकड्या लागतात. सुमारे २० चौरस किलोमीटरच्या या वनक्षेत्रात बिबट्यांचा अधिवास असून मालवीय नगर, जवाहर नगर या वसाहती वनाच्या सीमेपर्यंत पोहोचल्या आहेत. त्यामुळे येथे कुत्र्याला फिरावयास नेणे हा निव्वळ विरंगुळा राहत नाही.

अडचण वेळेची आहे. मे-जूनमध्ये येथील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. कुत्र्याला माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येत नाही. मुख्यत्वे धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. तापलेल्या डांबराने त्याचे पंजेही भाजतात. हाताची मागील बाजू रस्त्यावर काही सेकंद टेकवता येत नसेल, तर तो रस्ता कुत्र्यासाठी योग्य नाही. साहजिकच उरते ती पहाट किंवा रात्र, आणि नेमका हाच बिबट्याच्या संचाराचा काळ.

झालानातील बिबट्यांच्या विष्ठेचे पृथक्करण केले असता त्यांच्या आहारात पाळीव प्राण्यांचा, त्यातही कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे आढळले. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीही कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. म्हणून वनाच्या भिंतीलगतची वाट टाळावी, दिवे असलेला रहदारीचा रस्ता धरावा, पट्टा आखूड ठेवावा आणि रात्री कुत्र्याला अंगणात बांधू नये.

यावर कुत्र्याला घरातच ठेवणे हा उपाय मात्र नव्हे. सतत बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ अन्वये अपराध आहे.

वसाहतीतील रस्त्यावर गाठ पडते ती मोहल्ल्यातील कुत्र्यांशी. या बाबतीत जयपूरचा अनुभव देशाला उपयोगी पडण्याजोगा आहे. ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने नोव्हेंबर १९९४ पासून डिसेंबर २००२ पर्यंत सुमारे २५ हजार कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडले. त्या क्षेत्रात कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि माणसांमधील रेबीजचे रुग्ण आढळणे थांबले; शहराच्या उर्वरित भागात तसे घडले नाही.

कुत्र्याला प्रत्यक्ष वनात नेण्याचा मोह टाळलेलाच बरा. कुत्र्यांमधील डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग वन्य मांसाहारी प्राण्यांनाही होतो. गुजरातमधील गीर येथे २०१८ मध्ये काही आठवड्यांत २० हून अधिक सिंह दगावले. त्यांपैकी काहींमध्ये हाच विषाणू आढळला होता. वनालगत राहणाऱ्यांनी आपल्या कुत्र्यास रेबीजबरोबरच डिस्टेंपरची लसही वेळच्या वेळी टोचून घ्यावी.