धनुष्य, बांबूचे
चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनप्रदेशातील गोंड व माडिया लोकांचे पारंपरिक शिकारी हत्यार. सावली परिसरासह या प्रदेशात मानवेल बांबू आढळतो. धनुष्यासाठी त्याचा पक्व, जाड भिंतीचा बांबू चांगला. बळकट तंतू सालीलगत दाट असल्याने साल न दुखविता आतली बाजू तासावी लागते. मध्य जाड व टोके निमुळती ठेवतात. तासणी विषम झाल्यास ताण पातळ जागी एकवटतो व धनुष्य तेथेच मोडते. खरे कसब येथेच आहे; १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीस बंदी आल्यापासून त्याची रोजची गरज उरली नाही. प्रत्यंचाही बांबूच्या चिवट कामटीची असते; दमट हवेत ती चामड्याच्या वादीसारखी सैलावत नाही. मुठीवर कातडे चढवावयाचे झाल्यास कच्च्या कातड्याची पट्टी भिजवून गुंडाळावी. वाळताना ती आक्रसून घट्ट बसते.