अधांतरी बैठक

औंढा नागनाथच्या दर्शनाला निघालेल्या बायकांच्या जीपमध्ये पाण्याची बाटली सगळ्यांत उशिरा उघडते. वाटेत कमोडच निघाला तर त्यावर बसायचं कोण? मग साडी सावरत, गुडघे वाकवत, सीटच्या वीतभर वर तरंगत उरकायचं. ना धड बसणं, ना धड उभं राहणं.

ही कसरत फक्त आपलीच नव्हे. ब्रिटनमध्ये स्त्रीरोग विभागात आलेल्या ५२८ बायकांना डॉक्टरांनी हेच विचारलं. पाहणी छापून आली १९९१ साली. सार्वजनिक शौचालयात ८५ टक्के तरंगणाऱ्या, थेट टेकणाऱ्या फक्त २ टक्के. आणि मैत्रिणीच्या घरी? तिथेही ३८ टक्के अधांतरीच! (मैत्रिणीला सांगू नका.)

तरंगताना मांड्या आणि ओटीपोटाखालचे स्नायू तोल धरून ताठ राहतात. लघवी मोकळी व्हायला नेमके तेच सैल पडावे लागतात. त्या पाहणीत तरंगणाऱ्यांची धार सरासरी २१ टक्क्यांनी मंदावली आणि मूत्राशयात मागे राहिलेली लघवी जवळपास अडीचपट झाली. म्हणजे पुढच्या फाट्यावर पुन्हा, "भाऊ, जरा गाडी थांबवा."

इथे हळदीच्या रानात दिवसभर उकिडवी बसून निंदणारी हिंगोलीची बाई बाजी मारते. तळवे पूर्ण टेकले की तोलासाठी ओटीपोटाला राबावं लागत नाही. खोट जमिनीतल्या भांड्यात नाही, कमोडमध्येही नाही; खोट त्या मधल्या अवस्थेत. कमोडवर नीट टेकावं, पाय जमिनीवर, अंग जरा पुढे. लहान पोरींचे पाय लोंबकळतात, त्यांना खाली पाट द्यावा.

सीटवरून रोग लागेल ही धास्ती? लघवीचा संसर्ग बहुतेकदा आपल्याच आतड्यातल्या जंतूंमुळे होतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाचा २०च्या आसपास. जंतूंना वाट जवळची पडते. सीट ओली असेल तर पुसा, कागद टाका, पण टेका.

मंदावलेल्या धारेच्या २१ टक्क्यांसारखाच आणखी एक २१: तीन किलोंवरचे सस्तन प्राणी, हत्ती धरून, सरासरी २१ सेकंदांत मोकळे होतात. या शोधाला २०१५ चं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. हत्तिणीला सीट पुसावी लागत नाही, हे मात्र कुणी मोजलं नाही.

मुंबईत २०११ मध्ये बायकांनी ‘राइट टू पी’ (लघवीचा हक्क) मोहीम उभारली. मुतारी पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हे त्यांचं गाऱ्हाणं. पैसे मोजायचे, आणि वर तरंगायचं!