चुकलेल्या अक्षराचा माग

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली बाडं जपून ठेवली आहेत. समर्थ रामदासांच्या हातचं वाल्मीकि रामायणही तिथंच आहे. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. नक्कल करताना एका लेखनिकाकडून एखादी वेलांटी सुटली, की त्या पोथीवरून उतरवलेल्या प्रत्येक पोथीत ती सुटलेलीच राहते. पुढचा लेखनिक त्यात स्वतःची एखादी चूक घालतो. दोनशे वर्षांनी दोन पोथ्या शेजारी ठेवल्या, की कोणती कुठून उतरली हे सांगता येतं. नोंद कुणीच ठेवलेली नसते, माग लागतो तो चुकांवरून.

क्षयाच्या जंतूचा माग आज नेमका असाच काढला जातो.

रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जगापुढे मांडला. त्याची अख्खी पोथी, म्हणजे जीनोम, वाचून व्हायला 1998 साल उजाडलं. स्ट्युअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या त्या पोथीत 44,11,529 अक्षरं होती. ए, टी, जी, सी ही चारच अक्षरं, पण छापायला घेतली तर पानामागे दोन हजार धरून बावीसशे पानं भरतील. आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस लागतो. नकलेतही तो फार चुकत नाही. एवढ्या मोठ्या मजकुरात सरासरी दोन-तीन वर्षांत एखादंच अक्षर बदलतं.

पण एक अक्षर किती महागात पडतं ते पाहा. आयसोनियाझिड हे क्षयावरचं जुनं, स्वस्त आणि अजूनही पहिल्या फळीतलं औषध. गोळी पोटात जाते तेव्हा ते निद्रिस्त असतं. त्याला जागं करतं जंतूचंच एक विकर. ते विकर कसं घडवायचं हे ‘कॅटजी’ या जनुकात लिहिलेलं असतं. त्याच्या 315व्या जागी ‘एजीसी’ अशी तीन अक्षरं असतात. मधल्या ‘जी’चा ‘सी’ झाला, की विकराचा आकार जरासा बदलतो, औषध जागं होत नाही आणि रुग्णाने महिनोन्महिने नेमाने घेतलेली गोळी वाया जाते. घरचे मात्र म्हणतात, औषध लागू पडत नाही, याने गोळ्या चुकवल्या असणार.

आज जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या खेड्यात कुणाचा खोकला दोन आठवड्यांत गेला नाही, तर आशाताई त्याच्या हातात बेडक्यासाठी डबी देतात. सकाळी उठल्या उठल्या, छातीतून खोल खोकून काढलेला बेडका हवा. नुसती थुंकी चालत नाही. मग सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासणी होते. ट्रूनॅट ही आपल्या गोव्यातल्या कंपनीची निर्मिती, आणि या दोन्ही यंत्रांनी आठवड्यांचं काम तासा-दोन तासांवर आणलं याचं मोल फार मोठं आहे. पण ती यंत्रं बावीसशे पानांतला एखादाच परिच्छेद वाचतात. रिफॅम्पिसिन या मुख्य औषधासाठी सीबीनॅट ‘आरपीओबी’ जनुकातला जेमतेम 81 अक्षरांचा तुकडा तपासतं. आफ्रिकेतल्या स्वाझीलँडमध्ये, म्हणजे आजच्या एस्वातिनीमध्ये, 2009च्या पाहणीत गोळा केलेले जंतू पुढे बारकाईने तपासले. बहुऔषधी प्रतिकार असलेल्या जंतूंपैकी सुमारे 30 टक्क्यांमध्ये बदल त्या तुकड्याच्या बाहेर सापडला. यंत्राने ‘औषध चालेल’ सांगितलं असतं आणि औषध चाललं नसतं.

संपूर्ण पोथी वाचली की असं सुटत नाही. प्रयोगशाळेत यंत्र जंतूच्या डीएनएचे लाखो तुकडे वाचतं, संगणक ते जुळवतो आणि प्रत्येक बदललेलं अक्षर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीशी ताडून पाहतो. ही यादी 2021मध्ये पहिल्यांदा निघाली. कोणत्या बदलाने कोणतं औषध निकामी होतं, हे त्यात देशोदेशींच्या हजारो जंतूंवरून ठरवलेलं आहे. अडचण आहे ती वेळेची. बेडक्यात माणसाचा आणि तोंडातल्या इतर जंतूंचा डीएनए इतका असतो, की आधी क्षयाचा जंतू वेगळा वाढवावा लागतो आणि त्यात आठवडे जातात. म्हणून आता औषधांशी संबंधित निवडक जनुकं थेट बेडक्यातून वाचण्याची पद्धत आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2024मध्ये तिची शिफारस केली. रुग्णाच्या दृष्टीने मला हीच वाट सगळ्यांत जवळची वाटते.

माग काढायला मात्र अख्खी पोथीच लागते. इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या रुग्णांवरचा एक अभ्यास 2013मध्ये प्रसिद्ध झाला. दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर संसर्ग अलीकडचा आणि एकाच साखळीतला असण्याची शक्यता मोठी, बारापेक्षा जास्त असेल तर बहुधा नाही, हा ठोकताळा त्यातून रूढ झाला. मुंबईत वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने जर्मनीतल्या बोर्स्टेलच्या संशोधकांबरोबर महानगर प्रदेशातले बहुऔषधी प्रतिकार असलेले जंतू असेच वाचले. त्यांचा निबंध 2022मध्ये आला. पूर्व आशियाई घराण्यातल्या मोजक्या वंशावळी तिथं सर्वाधिक पसरल्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा फ्लुरोक्विनोलोन गटातल्या औषधांनाही आधीच सरावलेल्या आहेत, असं त्यातून दिसलं.

हा निष्कर्ष मी पुन्हा पुन्हा वाचला. प्रतिकार रुग्णाच्या अंगात नव्याने घडला असता, तर प्रत्येकाच्या पोथीतला चुकांचा संच वेगळा, ज्याचा त्याचा असता. इथं जवळजवळ तोच संच कितीतरी जणांत आहे. म्हणजे जंतू त्यांच्यापर्यंत पोचला तो बहुधा तयार होऊनच, त्यांनी पहिली गोळी घेण्याआधीच. गोळ्या चुकवल्याचा आळ घेऊन वावरणाऱ्या किती जणांवर तो विनाकारण आला असेल! उपचारावरही याचा थेट परिणाम होतो. भारताने सप्टेंबर 2024मध्ये मंजूर केलेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारात मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आहे, आणि ते याच फ्लुरोक्विनोलोन गटातलं. ते चालणार की नाही, हे पहिल्या दिवशी कळायला हवं.

हे खान्देशाला किती लागू? नकाशा पाहा. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यातून जातो. तापीच्या काठाकाठाने रेल्वे सुरतेला जाते. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, प्रत्येक स्टेशनावरून माणसं सुरतेच्या कापड धंद्यात गेली. उधना, लिंबायतमध्ये अहिराणी सहज कानावर पडते. एका खोलीत सहा-सात जण, बंद खिडक्या, पाळीपाळीने झोप. अंगात ताप राहायला लागला की माणूस गावी परततो. नोंद झाली असेल तर गुजरातेत झालेली असते, आजारपण इकडे निघतं. साक्रीकडची ऊसतोड करणारी कुटुंबं तर हंगामात दर महिन्याला वेगळ्या फडावर असतात. क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या निक्षय पोर्टलवर रुग्णाचं नाव एका जिल्ह्यातून दुसऱ्यात पाठवता येतं. पण त्याच्याबरोबर कामावर कोण होतं, हे त्या रकान्यात कुठून येणार?

जंतूच्या पोथीला मात्र जिल्ह्याची हद्द नाही. अमळनेरच्या रुग्णाचा जंतू सुरतेच्या एखाद्या साखळीपासून दोन अक्षरांवर निघाला, तर शोध त्या खोलीपर्यंत न्यावा लागेल. शेजारच्या गल्लीतल्याशी जुळला, तर संसर्ग गावातच फिरतो आहे आणि घरोघर तपासणी तिथंच हवी. आज दोघांच्याही घरच्यांना सारखेच प्रश्न विचारले जातात.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 24 मार्च 2022 रोजी ‘डेअर टू इरॅड टीबी’ हा कार्यक्रम सुरू केला. देशभरातल्या जंतूंचं जीनोम सिक्वेन्सिंग करून त्यांचा माग ठेवणं हा त्याचा एक भाग. त्यात मुंबई-दिल्लीइतकाच सातपुड्याच्या पायथ्याचा बेडका असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवरून डबी वेळेत आणि थंड पेटीतून पुढे गेली नाही, तर शहरातलं सर्वांत महाग यंत्रही काय वाचणार?

आणखी एक काळजी घ्यायला हवी. दोन पोथ्या जुळल्या म्हणून कोणी कोणाला आजार दिला हे सिद्ध होत नाही. मध्ये तिसरा, कधीच तपासला न गेलेला माणूस असू शकतो. जंतू शरीरात वर्षानुवर्षं गप्पही बसतो. गावात ‘हा सुरतेहून घेऊन आला’ असं एकदा म्हटलं गेलं, की त्या घरातल्या मुलीचं लग्न अडतं. ही जुळणी फाइलमध्येच राहिली पाहिजे. तिच्या आधारे दारात जाणाऱ्या आरोग्यसेविकेने विचारायचं ते एवढंच: घरात आणखी कुणाला खोकला आहे का, आणि तिकडे खोलीवर बरोबर कोण कोण राहत होतं?