नवे खेळाडू आणि संघाची घडी

महाविद्यालयीन प्रवेशांचे दिवस आले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या परिसरातील जिमखान्यांत क्रीडा-प्रमाणपत्रांच्या फायली उघडल्या जातात. शालेय स्पर्धेत कोणी कोठवर मजल मारली, कोणाची उंची किती, याची मोजदाद होते. बास्केटबॉलच्या बाबतीत तर उंची हीच बहुधा अखेरची कसोटी ठरते. आपला संघ कोणत्या पद्धतीने खेळतो आणि त्यात हा मुलगा कोठे बसेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

उंचीचे महत्त्व नाकारण्यात अर्थ नाही. बास्केटची कडी ३.०५ मीटरवर असते आणि ती कोणासाठीही खाली येत नाही. परंतु मैदान २८ मीटर लांब आहे, आणि चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांच्या आत बास्केटचा प्रयत्न करावाच लागतो. अमेरिकेतील व्यावसायिक लीगने १९५४ साली हा नियम आणला तो रेंगाळलेल्या खेळाला गती देण्यासाठीच. पुढे लांबून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळू लागले. कडीखाली उभा असलेला एक उंच गडी संघ तारून नेईल, ही कल्पना त्यामुळे मागे पडली. पंजाबचे सतनाम सिंग भामरा सात फुटांहून उंच. २०१५ साली डॅलसच्या संघाने त्यांची निवड केली. अमेरिकेच्या त्या लीगसाठी निवडले गेलेले ते पहिले भारतीय. परंतु त्या लीगचा एकही सामना त्यांच्या वाट्यास आला नाही. धावत्या, दुरून नेम साधणाऱ्या खेळाचे युग तेव्हा सुरू झाले होते.

उलट उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. नागपाड्याच्या दाट वस्तीतील मैदानांनी पिढ्यान् पिढ्या बास्केटबॉलपटू घडविले. १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते आणि भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविलेले अब्बास मुंतसिर तेथलेच. नागपाड्याची ख्याती चेंडूवरील हुकमत, चापल्य आणि झटपट पास यांसाठी आहे. तेथील प्रशिक्षकांनी उंच मुलांची वाट पाहिली नाही. दारात आलेल्या मुलांना साजेसा खेळ उभा केला.

आपल्या परिसराने हाच धडा घ्यावयास हवा. येथील अनेक मुले कबड्डी आणि खो-खो खेळतच मोठी होतात. वाकलेले गुडघे, समोरच्याच्या कमरेवर खिळलेली नजर, क्षणात दिशा बदलणारे पाय ही बचावाची अस्सल शिदोरी आहे. अशा मुलाला चेंडू हाताळणे शिकविता येते. ते पाय शिकविणे कठीण.

दुसरा विचार वेळेचा. बदलापूरहून सकाळची लोकल गाठून उल्हासनगरला येणारा आणि दुपारी कोठे तरी काम करणारा विद्यार्थी सरावाला रोज दोन तास कोठून देणार? दहा-बारा पाठ केलेले डाव ज्या पद्धतीला लागतात, ती अशा संघाला पेलणारी नाही. चेंडू मिळताच धावणे, मोकळ्या गड्याकडे पास देणे, प्रत्येकाने आपला प्रतिस्पर्धी न सोडणे, ही मोजकी सूत्रे पुरेशी आहेत. नवागताची परीक्षाही त्यांवरच व्हावी. एकट्याचा नेमबाजीचा सराव पाहण्यापेक्षा त्याला जुन्या चौघांसोबत अर्धा तास खेळवावे. चेंडू हातात नसताना तो काय करतो, हे पाहिले की बरेच उमगते.

अर्थात पद्धत म्हणजे साचा नव्हे. खरोखरच असामान्य मुलगा आला तर संघानेही आपली घडी थोडी मोडली पाहिजे. दर वर्षी जुने विद्यार्थी पदवी घेऊन जातात आणि नवे येतात. प्रशिक्षकाला दर पावसाळ्यात हा संसार नव्याने मांडावा लागतो.

यात पणाला लागते ते केवळ चषक नव्हे. खेळाच्या भरवशावर प्रवेश घेतलेला मुलगा तीन वर्षे बाकावर बसून राहिला, तर त्याचा खेळही जातो आणि आत्मविश्वासही. ज्याला घ्यावयाचे त्याला त्याची जागा आधीच स्पष्ट सांगावी. जागा नसेल तर तेही सांगावे. फुटपट्टी लावून मुले मोजणे सोपे आहे. त्यांच्यासाठी खेळात जागा करणे हे खरे शिक्षकाचे काम.