शिसपेन, शिक्का आणि अठरा रविवार

आमच्या घरी लोकमान्य टिळकांचं ‘गीतारहस्य’ होतं, म्हणजे कपाटात होतं. खाकी कागदाचं कव्हर घातलेला तो ठोकळा दसऱ्याला खाली उतरायचा, सरस्वतीच्या पाटीशेजारी बसून हळदकुंकू लावून घ्यायचा आणि पुन्हा वर जायचा. कॉलेजात असताना एकदा मी तो मधूनच कुठेतरी उघडला, तर समोर कृष्णार्जुनाऐवजी अमेरिकेतली ट्रामगाडी आली.

तिथल्या एका मोठ्या शहरात ट्राम सुरू करायची होती. सरकारी परवानगीला उशीर होत होता, म्हणून व्यवस्थापकानं अधिकाऱ्यांना लाच चारली. ट्राम लवकर धावली, शहराची सोय झाली. पुढे लाच उघडकीला आली आणि व्यवस्थापकाला शिक्षा झाली. ‘पुष्कळांचं पुष्कळ सुख’ हीच नीतीची कसोटी असेल, तर या माणसाचं चुकलं काय, असं टिळक विचारतात. मग कुरुक्षेत्रावर येऊन साधा हिशेब मांडतात. कौरवांचं सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचं सात. डोकी मोजून न्याय ठरत असता तर पांडवांची बाजू आधीच हरली होती. या कसोटीच्या पुरस्कर्त्या बेंथॅम आणि मिल यांना अक्षौहिणींनी अडवणारं हे पुस्तक पूजेपुरतं कपाटात का ठेवलं गेलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पुस्तकाचा जन्म मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. 22 जुलै 1908 ला मुंबईत न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षं पूर्ण व्हायची होती. आधी साबरमती, मग ब्रह्मदेशातलं मंडाले. गीतेची ओढ मात्र त्याहून कितीतरी जुनी. 1872 साली वडील शेवटच्या दुखण्यात असताना सोळा वर्षांच्या बळवंतानं त्यांना गीतेवरची एक प्राकृत टीका वाचून दाखवली होती. युद्धाला उभ्या राहिलेल्या माणसाला सांगितलेल्या ग्रंथात टीकाकारांना शेवटी संन्यासच कसा सापडतो, हा प्रश्न त्यांच्या मनात पुढची अडतीस वर्षं मुरत राहिला. कागदावर तो उतरला एका हिवाळ्यात, नोव्हेंबर 1910 ते मार्च 1911 या काळात. पंधरा प्रकरणं, गीतेच्या बहिरंगपरीक्षेचं परिशिष्ट आणि सगळ्या श्लोकांचं भाषांतर असा हा ऐवज. नंतर भर पडली, फेरफार झाले, पण खर्डा तिथलाच.

लिहायची परवानगी होती, पण अटींवर. शाई नाही, शिसपेन. सुटे कागद नाहीत, बांधीव वह्या, आणि त्यांची पानं मोजून क्रमांक घातलेली. म्हणजे फाडून टाकता येत नाही, मधे चिठोरं घुसवता येत नाही. ‘गीतारहस्या’ची बांधणी इतकी घट्ट का, प्रत्येक प्रकरण आधीच्यावर वीट ठेवावी तसं का बसतं, याचं एक कारण मला या वह्यांत दिसतं. वकिली डोक्याचा वाटा मोठा आहेच. पण पान फाडता येत नसलं की माणूस आराखडा आधी डोक्यात पुरा करतो. पुस्तकांची मात्र ददात नव्हती. कांट, ग्रीन, स्पेन्सर कोठडीत हजर होते, आणि ग्रंथभर त्यांच्याशी झुंज चालते. जर्मन, फ्रेंच आणि पाली यांचा अभ्यासही तिथेच झाला.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. तुरुंगात लिहिलेलं तत्त्वज्ञान हाती आलं की आधी लेखनसामग्री पाहायची. काय मिळत होतं, काय नव्हतं. पुस्तकाचा घाट बऱ्याचदा तिथेच ठरलेला असतो.

बोएथियसचंच पाहा. सहाव्या शतकाच्या सुरुवातीचा हा रोमन सरदार 510 साली कॉन्सल झाला, 522 साली त्याचे दोन्ही मुलगे एकाच वेळी कॉन्सल झाले, आणि तो स्वतः गॉथ राजा थिओडोरिकच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर गेला. प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल समग्र लॅटिनमध्ये आणायचे, हा त्याचा संकल्प. एका सिनेटरची बाजू घेतल्याचं निमित्त झालं, राजद्रोहाचा आरोप आला, पाव्हिया इथे कैद झाली आणि 524 च्या सुमारास देहदंड. मधल्या महिन्यांत त्यानं ‘तत्त्वज्ञानाचं सांत्वन’ लिहिलं.

त्याच्याजवळ ग्रंथालय नव्हतं, आणि त्याची खंत पुस्तकातच आहे. म्हणून पुस्तकात अवतरणांची रास नाही. संवाद आहे, आणि मधेमधे पद्यं, एकंदर एकोणचाळीस. कैदी रडत बसलाय, काव्यदेवता उशाशी उभ्या राहून त्याला शोकगीतं सांगताहेत, इतक्यात एक तेजस्वी स्त्री येते आणि त्यांना हाकलून लावते. ही तत्त्वविद्या. तिचं वस्त्र तिनं स्वतः विणलेलं, पण जागोजागी फाटलेलं. प्रत्येक पंथानं एकेक चिंधी ओढून नेली आणि सगळं वस्त्र आपल्याच हाती आलं असं समजून मिरवला. पंथोपपंथांवर इतकी नेमकी चपराक मी दुसरीकडे वाचलेली नाही. आपल्याकडे ती किती ठिकाणी बसेल, ते वाचकानं ठरवावं.

‘सांत्वना’तलं भाग्याच्या फिरत्या चाकाचं दुसरं पुस्तक सगळ्यांत सुबक. पाचवं जड आहे, पण चुकवू नये. देवाला पुढचं सगळं आधीच ठाऊक असेल, तर माणसाचं स्वातंत्र्य उरलं कुठे? बोएथियस म्हणतो, देवाच्या बाबतीत ‘आधी’ हा शब्दच चुकतो. त्याला सारा काळ एकदम समोर दिसतो, आणि रस्त्यानं चालणारा माणूस दिसला म्हणून तो आपल्या पाहण्यामुळे चालत नाही. टिळकांचं दहावं प्रकरण ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ यानंतर लगेच वाचलं की गंमत येते. बांधणारा तिथे देव, इथे पूर्वकर्म. गाठ जवळपास तीच. बोएथियसच्या उत्तराला तर्काची सफाई जास्त, टिळकांचं उत्तर जास्त अडखळतं, आणि मला अधिक खरं वाटतं.

ग्रामसीची तऱ्हा अगदी वेगळी. हा इटालियन कम्युनिस्ट नेता नोव्हेंबर 1926 मध्ये पकडला गेला, 1928 मध्ये त्याला वीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली, आणि तो बारीजवळच्या तुरी गावच्या तुरुंगात गेला. लिहायला परवानगी मिळून पहिली वही सुरू झाली 8 फेब्रुवारी 1929 ला. वह्यांवर तुरुंगाचा शिक्का. मित्र पिएरो स्राफानं मिलानच्या पुस्तकाच्या दुकानात त्याच्या नावानं खातं उघडून दिलं होतं, त्यामुळे वाचायला मिळत होतं. पण प्रकृती ढासळत होती आणि लिहिलेलं तपासलं जात होतं. त्यातून ग्रंथ झालाच नाही. झाल्या तेहेतीस वह्या: तुकडे, टिपणं, भाषांतरं, तीच गोष्ट पुन्हा नव्या वहीत सुधारून लिहिलेली. मार्क्सवादाला तो ‘कृतीचं तत्त्वज्ञान’ म्हणतो. ते तपासनिसाला चकवायला की विचारच तसा होता, यावर पंडित अजून भांडतात. अकराव्या वहीत तो म्हणतो की प्रत्येक माणूस तत्त्वज्ञ असतो. भाषेत, रूढ समजुतीत, लोकांच्या श्रद्धांत तत्त्वज्ञान आधीच भरलेलं असतं, काम फक्त ते तपासून पाहायचं. ग्रामसी सलग वाचायच्या भानगडीत पडू नये, एक टिपण घ्यावं आणि दोन दिवस चघळावं.

आणि धुळे. 1932 च्या सत्याग्रहात धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते, साने गुरुजी होते, जमनालाल बजाज होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक याप्रमाणे अठरा रविवारी अठरा अध्याय. विनोबा बोलत गेले आणि गुरुजी लिहून घेत गेले. इथे श्रोते समोर बसलेले, त्यांतल्या अनेकांनी शास्त्राचं पानही उलटलेलं नाही. म्हणून ‘गीता प्रवचने’त टीपा नाहीत, मतखंडन फारसं नाही; दाखले घरातले, शेतातले, आईचे. एका बैठकीत एक अध्याय संपलाच पाहिजे, ही अट पानापानावर जाणवते. विनोबा बोलताहेत हे खरं, पण वाक्यांची ओल पुष्कळदा गुरुजींची वाटते. लिहून घेणारा माणूस पुस्तकात किती झिरपतो, यावर कुणीतरी सवडीनं लिहायला हवं.

ही बाडं बाहेर कशी आली, तीही एक कथाच. 1937 मध्ये ग्रामसी वारला तेव्हा मेहुणी तातियानानं वह्या सांभाळून बाहेर काढल्या, आणि छापून यायला 1948 उजाडलं. टिळक जून 1914 मध्ये पुण्याला परतले, पण वह्या सरकारकडे अडकल्या. परत मिळतील की नाही, अशी धास्ती भोवतालच्यांना होती. टिळकांना फारशी नव्हती. वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहीन, असं ते म्हणाल्याचं सांगतात. वह्या आल्या, आणि 1915 मध्ये ग्रंथ निघाला.

कपाटातला ठोकळा खाली काढणार असाल तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. दुसरं प्रकरण ‘कर्मजिज्ञासा’ आधी घ्या. तिथे अर्जुनाच्या जोडीला हॅम्लेट भेटतो. मग चौथं, ट्रामवालं. मग एकदम अकरावं, संन्यास आणि कर्मयोगाचं. सांख्यांची सातवं-आठवं प्रकरणं पावसाळ्यासाठी ठेवली तरी चालतील.