दुर्मीळ रंगाची किंमत



कामगार चळवळीत उभा जन्म घालविलेल्या माणसाने कुत्र्यांच्या रंगांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. त्याचे कारण असे घडले. आमच्या युनियनमधल्या एका फिटरच्या मुलाने पहिल्या सहा पगारांतून पैसे बाजूला टाकून एक विलायती पिल्लू आणले. अंग बरेचसे पांढरे, त्यावर राखी डाग, डोळे निळे. रंग ‘दुर्मीळ’, म्हणून किंमत दुप्पट. घरच्यांनी महिनाभर हाका मारल्या, ताटल्या वाजविल्या. पिल्लू वळून पाहीना. विकणारा म्हणाला, हट्टी आहे. ते हट्टी नव्हते, बहिरे होते. रंगाचा आणि कानाचा संबंध काय, हे शोधण्यासाठी मी संध्याकाळी ग्रंथालयात बसू लागलो. माझी शाळा सातवीतच सुटली. तेव्हा जे मला समजले ते माझ्याच भाषेत सांगतो.

आनुवंशिकतेचे शास्त्र जन्मले तेही एका व्याख्यानातच. १८६५ साली ब्रुन गावच्या निसर्गप्रेमी मंडळींपुढे मेंडेल नावाच्या धर्मोपदेशकाने वाटाण्यावरचे आपले प्रयोग दोन बैठकांत वाचून दाखविले. त्याचा गाभा इतकाच: प्रत्येक गुणासाठी संततीला दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. शास्त्रज्ञ ज्याला जनुक म्हणतात ती ही चिठ्ठी समजा. दोन चिठ्ठ्यांत मतभेद असला तर पुष्कळदा एकीचेच चालते; दुसरी गप्प बसते, पण फाडली जात नाही. पुढच्या पिढीत ती पुन्हा बोलू शकते.

लाब्राडोर कुत्रे घ्या. काळ्या रंगाची चिठ्ठी तेथे जोरकस आहे. आई काळी, बाप काळा, तरी एका वेतात पिवळे पिल्लू निघते. कारण दोघांनीही पिवळी चिठ्ठी पोटात दडवलेली असते. १८९९ साली इंग्लंडात जन्मलेला ‘बेन ऑफ हाइड’ हा नोंद झालेला पहिला पिवळा लाब्राडोर मानतात. तेव्हा तो रंग विरळा होता. आज पिवळा लाब्राडोर गल्लोगल्ली दिसतो. दुर्मीळपणा हा रंगाचा गुण नव्हे. माणसाने कोणत्या जोड्या लावल्या याचा तो हिशेब आहे. लाब्राडोरच्या पिवळ्या रंगाने कुत्र्याचे काही बिघडत नाही, हेही सांगितले पाहिजे. सगळे विरळ रंग वाईट, असे माझे म्हणणे नाही.

परंतु त्या पिल्लाचा रंग निराळा. त्याला ‘मर्ल’ म्हणतात. आपण कबरा म्हणू. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, डॅशहुंड या जातींत तो आढळतो. काळा रंग जागोजागी फिकट होऊन राखी पडतो आणि मध्ये काळी ठिगळे राहतात. दिसायला सुंदर, यात शंका नाही. २००६ साली अमेरिकेतील टेक्सासच्या संशोधकांनी याचे मूळ शोधले: रंगद्रव्य तयार करण्याच्या कामातल्या एका जनुकात परका मजकूर घुसला आहे. छापखान्यात खिळे जुळविताना मध्येच भलत्या ओळी शिरल्या म्हणजे जसे होते तसे.

या कबऱ्या चिठ्ठीचे वैशिष्ट्य असे की ती गप्प बसत नाही. एक मिळाली तरी बहुधा अंगावर दिसते. पण दोन मिळाल्या की अंग बरेचसे पांढरे होते, आणि खरी हानी तेथे आहे. रंग करणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळून निघून अंगभर पसरतात; त्यांतल्या काही आतल्या कानातही जाऊन बसतात. तेथे त्यांचे काम रंगविण्याचे नाही. कानातल्या द्रवाचा विद्युतभार टिकविण्याचे आहे. त्या तेथे नसल्या की ऐकणाऱ्या नाजूक पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. डोळ्यांचेही तसेच, कधी डोळा लहान राहतो, कधी बाहुली वेडीवाकडी होते, कधी दृष्टीच नसते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १५३ मर्ल कुत्र्यांचे कान यंत्राने तपासले. एक चिठ्ठी असलेल्यांत शेकडा चारांहून कमी कुत्रे एका वा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. दोन चिठ्ठ्या असलेल्यांत शेकडा २५.

आता जोडी लावणाऱ्याचा हिशेब पाहा. कबरा नर आणि साधी मादी यांची सरासरी निम्मी पिल्ले कबरी होतात, निम्मी साधी. दोन्ही कबरी घेतली तर चारांत दोन कबरी, एक साधे, आणि एक दुहेरी चिठ्ठीचे. म्हणजे महाग विकणारी पिल्ले निम्म्याची पाऊण होतात. चौथ्याच्या कानाडोळ्यांवर गंडांतर येते. पण ते त्याच्या नफातोट्याच्या कागदावर कोठेच दिसत नाही. गिरणीत बोटे तुटत ती कामगाराची, मालकाच्या ताळेबंदात ती नसत; मला त्याची आठवण झाली. ब्रिटनच्या केनेल क्लबने दोन मर्ल कुत्र्यांची पिल्ले नोंदविणे बंद केले आहे. पण ज्याला नोंदणीचीच पर्वा नाही, त्याला हा नियम काय करणार?

एक फसगत मात्र भल्या माणसाचीही होते. मर्ल चिठ्ठी काळ्या-तपकिरी रंगद्रव्यावरच काम करते. कुत्रे अंगभर पिवळे किंवा तांबूस असले तर चिठ्ठी असूनही नजरेला पडत नाही. असा नर साधा समजून कबऱ्या मादीला लावला की घात झाला. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावरून हे आज तपासता येते. म्हणून पिल्लू घेणाराने किमतीची घासाघीस पुढे ठेवावी. आधी आईबाप दोन्ही पाहावेत, तपासणीचा कागद मागावा, आणि पिल्लाच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही असे उभे राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवावा. कागद मागितल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडून घेऊ नये.

फिटरच्या मुलाने पिल्लू परत केले नाही. हात वर केला की बसायचे, तळवा खाली केला की पडायचे, असे तो त्याला शिकवतो. झोपलेले असले तर जमिनीवर दोनदा पाय आपटतो. ते डोळे उघडते आणि प्रथम त्याच्या हाताकडे पाहते.